पिकअपचे काटे : काय घ्यावे आणि काय टाळावे

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ च्या सुमारास आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावे वसविलेले जयसिंगपूर हे जन्मापासूनच बाजाराचे गाव होय. काटकोनात छेदणारे रस्ते, अनुक्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या, लोहमार्गाचे सान्निध्य आणि तंबाखू, गूळ व भुईमूग यांच्या उलाढालीवर पोसलेली पेठ ही त्याची मूळ ठेवण. आणि या पेठेचा जो माल पूर्वी बैलगाडीने व रेल्वेच्या वाघिणीने हलत असे, त्यातील बराचसा आज सव्वा ते पावणेदोन टन वाहणाऱ्या डिझेल पिकअपने हलतो. कृष्णाकाठची भाजी सायंकाळी भरून पहाटे वाशीच्या बाजारात उतरविणारी, इचलकरंजीच्या कापडाचे तागे वाहणारी, चैत्र-वैशाखात रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या घेऊन आंबा घाट चढणारी ही गाडी पुष्कळदा एका कुटुंबाचे सारे भांडवल असते. तिचे इंजिन अवेळी खोलावे लागले, तर मिस्त्रीचे बिल, बुडालेल्या फेऱ्या आणि थकलेला बँकेचा हप्ता अशी तिहेरी झळ मालकास सोसावी लागते. म्हणूनच, ज्यांना गॅरेजमध्ये सरसकट ‘मीटर’, ‘गेज’ किंवा ‘काटे’ म्हणतात, ती बाजारात मिळणारी जादा मापके आपल्या गाडीस बसवावीत काय, आणि बसवायची तर कोणती, या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात सांगता येते, आणि पुढील विवेचन हा त्याचाच विस्तार आहे: जी गोष्ट गाडीस स्वतःस ठाऊक नाही, किंवा ठाऊक असूनही ती चालकास वेळेवर सांगत नाही, तेवढीच मोजणारे साधन विकत घ्यावे. याखेरीज जे काही डॅशबोर्डवर चढते, त्याची गणना खुशाल शोभेत करावी.

कारखान्यातून निघताना पिकअपमध्ये वेग, डिझेलची पातळी, पाण्याचे तापमान आणि तांबड्या-पिवळ्या दिव्यांची एक रांग एवढाच सरंजाम साधारणपणे असतो. यांपैकी तापमानाचा काटा पुष्कळांना भरवशाचा वाटतो. परंतु अलीकडच्या अनेक गाड्यांत तो मुद्दामच सुस्त ठेवलेला असतो, म्हणजे पाणी ७५ अंशांवर असो वा १०० अंशांवर, तो मध्यावरून हलत नाही, आणि किरकोळ चढउतारांनी बावरून ग्राहकाने वारंवार सर्व्हिस स्टेशन गाठू नये हा हेतू त्यातून साधला जातो. ऑइलच्या दिव्याची कथा याहून गंभीर आहे. इंजिनच्या ब्लॉकमध्ये बसविलेल्या त्या लहानशा स्विचच्या पोटात एक पडदा व एक स्प्रिंग असते. ऑइलचा दाब पडद्यास रेटून धरतो तोवर विजेचा मार्ग तुटलेला राहतो, आणि दाब साधारणतः अर्ध्या बारच्याही खाली उतरला म्हणजे तो जुळून दिवा लागतो. आता मिनिटास दोन हजार फेऱ्यांवर भरल्या गाडीने घाट चढणाऱ्या इंजिनास तीन बारच्या आसपास दाब हवा असता तो एका बारवर घसरला, तर बेअरिंगे खरवडली जाऊ लागतात, आणि दिवा मात्र निश्चिंतपणे विझलेलाच असतो. दिवा निकाल जाहीर करतो आणि काटा साक्ष देतो. साक्षीचा उपयोग निकालापूर्वीच काय तो होतो.

या मुलखाला इंजिनाची ओळख नवी नव्हे. १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करांची उद्योगनगरी, किर्लोस्करवाडी, येथून लांब नाही. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीस किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला, आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठी विजेच्या मोटारी येण्यापूर्वी नदीचे पाणी शेतात चढविण्याचे काम ऑइल इंजिनांनी कैक वर्षे केले. त्या इंजिनावर बसणारा माणूस ठोक्याचा आवाज कानाने, धुराचा रंग डोळ्याने आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याची ऊब हाताने पारखीत असे, आणि एवढ्यावर त्याचे सहसा अडत नसे. पिकअपच्या चालकास ही तिन्ही साधने पारखी झाली आहेत: बंद केबिनमध्ये बाहेरचा आवाज निम्मा विरतो, रात्रीच्या प्रवासात काळा धूर अंधारात मिसळून जातो, आणि दाबाखाली फिरणाऱ्या उकळत्या पाण्यास हात लावण्याची सोय उरलेली नाही. गमावलेल्या या इंद्रियांची भरपाई एवढेच जादा काट्याचे प्रयोजन.

कोणता काटा काय सांगतो हे समजण्यासाठी डिझेल इंजिनाचा एक विशेष ध्यानी घ्यावा लागतो. रुडॉल्फ डिझेल याने १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चालवून दाखविलेल्या इंजिनाचे तत्त्व असे, की हवा प्रचंड दाबली असता ती इतकी तापते, की तीत सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. आजच्या पिकअपमध्ये ही हवा सुमारे सोळा ते वीस पट दाबली जाते. पेट्रोल इंजिनात हवा व इंधन ठरावीक प्रमाणात मिसळून आत येतात. डिझेलमध्ये हवेचे प्रमाण सहसा गरजेहून अधिक असते आणि शक्ती कमी-जास्त होते ती केवळ इंधन कमी-जास्त केल्याने. याचा परिणाम असा, की त्याच हवेत जसजसे डिझेल वाढवावे, तसतशी उष्णता वाढत जाते, आणि हवा पुरेनाशी झाली म्हणजे काळा धूर निघू लागतो. डिझेल गाडीच्या बहुतेक दुखण्यांचे मूळ हवा, इंधन आणि उष्णता यांच्या या हिशेबात असते. म्हणून काटेही या हिशेबाला धरूनच निवडावेत.

पहिला मान ऑइलच्या दाबाचा. प्रत्येक हजार फेऱ्यांमागे सुमारे दहा पीएसआय दाब असावा, असा मिस्त्री लोकांचा जुना ठोकताळा आहे. तथापि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हाच प्रमाण मानावा. (टायरमध्ये हवा भरताना आपण ज्याला ‘पाउंड’ म्हणतो तेच पीएसआय, साडेचौदा पीएसआय म्हणजे एक बार, आणि एक बार म्हणजे जवळजवळ एक किलो प्रतिचौरस सेंटिमीटर.) ऑइल थंड असता घट्ट असते व दाब जास्त दिसतो, तापल्यावर पातळ होऊन दाब उतरतो, म्हणून खरी परीक्षा तापलेल्या इंजिनाच्या आयडलिंगवर करावी. तेथे महिनोन्‌महिने जो दाब दिसत आला तो हळूहळू खाली सरकू लागला, तर बेअरिंगांची झीज, पंपाची झीज किंवा ऑइलमध्ये मिसळणारे डिझेल यांपैकी काहीतरी घडत आहे असे समजावे. आणि घाटाच्या वळणावर काटा क्षणभर खाली पडून पुन्हा वर येत असेल, तर ऑइल कमी होऊन पंपाच्या तोंडी हवा जात आहे, याची ती सूचना असते. अशा वेळी गाडी बाजूस घेऊन डिपस्टिक पाहण्यात जी पाच मिनिटे जातात ती सत्कारणी लागतात.

दुसरा काटा पाण्याच्या खऱ्या तापमानाचा, म्हणजे ज्यावर नुसते ‘थंड’ आणि ‘गरम’ असे न लिहिता अंश लिहिलेले असतात तो. थर्मोस्टॅट सामान्यतः ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडतो, आणि रेडिएटरचे टोपण आतील दाब टिकवून धरते, म्हणून वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपणाचे रबर गेले की हीच मर्यादा शंभराच्या आसपास येऊन ठेपते. आपल्याकडे या काट्याचे महत्त्व दोन स्थानिक कारणांनी वाढते. पहिले असे, की शिरोळ तालुक्यातील कित्येक जमिनी क्षारपड आहेत, आणि अशा ठिकाणच्या बोअरचे जड पाणी कूलंटऐवजी रेडिएटरमध्ये ओतीत गेले, की त्याचा थर नळ्यांत व हेडमध्ये साचून उष्णतेची वाट अडवितो. दुसरे असे, की गाडी तापते अशी तक्रार आली म्हणजे थर्मोस्टॅटच काढून टाकण्याची वहिवाट काही गॅरेजांत पडून गेली आहे. मग गाडी हिवाळ्याच्या पहाटे साठ अंशांवरच रेंगाळते, डिझेल पुरते जळत नाही, सिलिंडरची झीज वाढते, आणि मालक ॲव्हरेज का पडले याचा शोध भलतीकडेच घेत बसतो. अंश दाखविणारा काटा असेल, तर तापणे आणि थंड राहणे हे दोन्ही दोष उघड होतात. यात एक सापळा मात्र ओळखून असावा: पाइप फुटून पाणी एकाएकी निघून गेले, तर सेन्सर कोरड्या जागी लोंबत राहतो आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येतो. चढावर भरधाव गाडीचे तापमान अकारण उतरले, तर त्यात आनंद मानू नये. गाडी तत्काळ थांबवावी.

तिसरा काटा टर्बोच्या दाबाचा, ज्यास बूस्ट म्हणतात. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात अधिक हवा कोंबण्याची कल्पना आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट केली. आज लहानशा पिकअपसही तो लाभ मिळाला आहे. मूळ अवस्थेतील पिकअपचा बूस्ट भरल्या चढावर साधारणतः एक ते दीड बारपर्यंत जातो. हा काटा धोक्याची घंटा म्हणून विशेष कामाचा नाही. तो आरोग्याचा दाखला आहे. रोज त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, तेवढ्याच मालानिशी जो आकडा दिसतो, तो एके दिवशी दिसेनासा झाला, तर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत व तेथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी होजपैकी एखादा चिरला किंवा त्याचा क्लॅम्प सुटला असे पहिल्याने समजावे.

चौथा काटा धुराच्या तापमानाचा, आणि डिझेलच्या बाबतीत सर्वांत बोलका. टर्बोच्या अलीकडे मोजले असता सपाट रस्त्यावर हे तापमान ३०० ते ४५० अंशांच्या दरम्यान फिरते, भरल्या घाटात ते सहाशेच्या पुढे जाते, आणि सातशेच्या आसपास फार वेळ टिकले तर पिस्टन, व्हॉल्व्ह व टर्बोचा पंखा यांच्या आयुष्यास सुरुंग लागतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि पिस्टनची मिश्रधातू तर त्याच्याही आधी मऊ पडते. पिस्टन एरवी टिकतो तो केवळ त्याला ऑइलची व थंड हवेची साथ मिळते म्हणून. हापूसच्या पेट्यांनी भरलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी साखरप्याकडून आंबा घाट चढते, तेव्हा पाण्याचा काटा कित्येक मिनिटे मागे रेंगाळत असतो, कारण एवढा लोखंडाचा व पाण्याचा साठा तापण्यास वेळ लागतो. धुराचा काटा मात्र ॲक्सिलरेटर दाबल्यावर काही सेकंदांतच वर जातो. चालकाने एक गिअर खाली घेतला, फेऱ्या वाढू दिल्या आणि पाय थोडा सैल केला, म्हणजे तोच काटा डोळ्यांदेखत पन्नास-साठ अंशांनी उतरतो. उंच गिअरमध्ये रेटीत नेण्याची जी सवय व्याख्यानाने सुटत नाही, ती या काट्याने सुटते. घाट संपताच गाडी उभी करावयाची असेल, तर हे तापमान दोनशेच्या खाली येईपर्यंत इंजिन आयडलिंगवर ठेवावे, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल करपत नाही.

बॅटरीच्या व्होल्टेजचा काटा स्वस्त व बसविण्यास सोपा: इंजिन बंद असता १२.६, आणि चालू असता १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा असला, म्हणजे अल्टरनेटर आपले काम करीत आहे. डिझेल फिल्टरच्या पुढील पुरवठ्याचा दाब मोजणारा काटाही कामाचा असतो, विशेषतः ज्यांना वाटेत मिळेल तेथे डिझेल भरावे लागते त्यांना. संगणकाच्या हुकुमाने डिझेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांतील कॉमन रेलच्या उच्चदाबाच्या नळीस मात्र कोणी हात लावू नये; तेथे दीड-दोन हजार बारपर्यंत दाब असतो, आणि त्या दाबाने उडालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

एकेकट्या काट्याहून दोघांचे एकत्र वाचन अधिक मोलाचे असते. समजा, गाडी चढावर दम देईना. बूस्ट नेहमीहून कमी आणि धुराचे तापमान नेहमीहून जास्त असेल, तर डिझेल पुरेसे जात आहे पण हवा पोहोचत नाही: होज फुटला आहे, एअर फिल्टर चोंदला आहे किंवा टर्बो खचला आहे. बूस्टही कमी आणि तापमानही कमी असेल, तर हवेस दोष न देता इंधनाची वाट तपासावी: डिझेल फिल्टर तुंबला असेल, टाकीतील जाळीवर गाळ बसला असेल किंवा संगणकाने एखाद्या बिघाडामुळे इंधन हात राखून सोडले असेल. दोन्ही काटे नेहमीप्रमाणे असूनही गाडी जड चालत असेल, तर इंजिनाची फिर्याद निकाली काढून घसटणारा ब्रेक, सरकणारा क्लच किंवा बिल्टीवर लिहिल्याहून अधिक भरलेला माल यांचा तपास करावा. आणि ज्या जुन्या गाडीचा पंप, अधिक डिझेल सुटावे म्हणून, ‘वाढवून’ घेतला आहे, तिच्यात बूस्ट पूर्वीएवढाच राहून तापमान तेवढे शे-दीडशे अंशांनी चढलेले दिसेल. वाढलेल्या ताकदीची किंमत कोठून वसूल होत आहे, याचा याहून स्पष्ट दस्तऐवज मिळणार नाही. इंजिन न खोलता एवढे निदान हाती येत असेल, तर काट्यांचा खर्च एका फेरीत भरून निघाला असे म्हणण्यास हरकत नाही.

आता आपल्या गाडीत कोणता काटा हवा, हे तिच्या वयावरून ठरते. सर्व देशात १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही धुराच्या प्रदूषणाची मानके लागू झाली. बीएस-४ च्या आधीच्या, यांत्रिक पंपावर चालणाऱ्या पिकअपला स्वतःविषयी जवळजवळ काहीच ठाऊक नसते. तिला ऑइलचा दाब, पाण्याचे अंश आणि धुराचे तापमान हे तीन काटे द्यावेत, आणि पैसे उरले तर बूस्ट. कॉमन रेलच्या गाडीतील संगणक पाण्याचे अंश, बूस्ट, रेलचा दाब, व्होल्टेज या गोष्टी क्षणोक्षणी मोजीतच असतो. स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये एक लहानसे उपकरण खोचले, की मोबाइलवर किंवा छोट्या पडद्यावर तेच आकडे वाचता येतात. अशा गाडीत बूस्टसाठी वेगळी नळी व वेगळा सेन्सर बसविणे म्हणजे घरच्या विहिरीवर टँकर मागविणे होय. परंतु याच संगणकास ऑइलचा दाब बहुधा ठाऊक नसतो. त्याच्यापाशी तोच होय-नाही सांगणारा स्विच असतो. म्हणून नव्या गाडीच्या मालकाने पैसा खर्चावयाचा तो ऑइलच्या काट्यावर. बीएस-६ गाडीत धुराची काजळी अडविणाऱ्या फिल्टरसाठी कंपनीनेच तापमानाचे सेन्सर बसविलेले असतात, तेव्हा तेथे मॅनिफोल्डला भोक पाडून वॉरंटी गमावण्यात शहाणपण नाही. मात्र साचलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून फिल्टरमधील तापमान स्वतःहून सहाशेच्या घरात नेते, हे ठाऊक असावे, नाहीतर तो आकडा पाहून चालक विनाकारण धास्तावेल.

काट्याची जात दोन प्रकारची. यांत्रिक काट्याचे हृदय म्हणजे १८४९ मध्ये पॅरिसच्या युजेन बूर्दों याने पेटंट घेतलेली चपटी, वाकविलेली पितळी नळी. जत्रेतली कागदी गुंडाळीची पिपाणी फुंकताच जशी उलगडते, तशी ही नळी आतील दाबाने किंचित सरळ होऊ पाहते, आणि तिच्या टोकाची ती केसभर हालचाल दात्यांच्या साहाय्याने काट्यापर्यंत पोहोचते. यास वीज लागत नाही व तो सहसा खोटे बोलत नाही. पण त्यासाठी गरम ऑइलची नळी केबिनमध्ये आणावी लागते, आणि ती तुटली तर चालकाच्या पायावर तापलेले ऑइल सांडते. यास्तव ऑइल व डिझेल यांसाठी विजेवर चालणारा काटा घ्यावा, आणि केवळ हवा वाहणाऱ्या बूस्टच्या बाबतीत यांत्रिक काट्यास मुभा द्यावी. विजेच्या काट्यात सेंडर (इंजिनावर बसणारा सेन्सर) व काटा ही जोडी असते, आणि एकाचा सेंडर दुसऱ्याच्या काट्यास लावला तर आकडा खोटा येतो: युरोपीय धाटणीच्या पुष्कळ सेंडरचा रोध १० ते १८० ओहमपर्यंत वाढत जातो, तर अमेरिकी धाटणीचा २४० वरून ३३ वर उतरतो, म्हणजे दोघांची दिशाच उलटी. तेव्हा दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातून घ्यावेत, आणि तो सेंडर पुढे सुटा मिळेल काय, हे दुकानदारास आधी विचारावे.

मापाची व्याप्तीही पारखून घ्यावी. जो दाब नेहमी वाचावयाचा तो तबकडीच्या मधल्या भागात पडावा. दीड बारच्या बूस्टसाठी चार बारची तबकडी घेतली, तर काटा कोपऱ्यातच वळवळत राहतो. आटे तपासावेत: आठव्या इंचाचा अमेरिकी आटा इंचास सत्तावीस आणि ब्रिटिश आटा अठ्ठावीस असतो, दोन्ही दिसण्यात सारखे, पण बळाने बसविले तर ब्लॉकचा आटा कायमचा जातो. तबकडीचा व्यास ५२ मिलिमीटर हा सर्वमान्य. रात्री वाचता यावा म्हणून तिचा प्रकाश मंद तांबूस किंवा पिवळसर असावा व पार्किंग लाइटबरोबर कमी-जास्त करता यावा, कारण निळ्या झगझगाटाने अंधाराला सरावलेले डोळे दिपतात. ठरविलेल्या मर्यादेवर वाजणारा बझर, आणि दिवसभरातील सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवण्याची सोय, या दोन गोष्टींसाठी थोडे अधिक पैसे जरूर मोजावेत. चालकाची नजर रस्त्यावर असते, आणि मालक तर बहुधा गाडीत नसतोच.

धुराच्या तापमानाचा काटा वेगळ्याच तत्त्वावर चालतो. दोन भिन्न धातूंच्या तारा एका टोकास जोडून ते टोक तापविले, तर त्यांत वीज उत्पन्न होते. हा परिणाम प्रथम १८२१ मध्ये सेबेक याच्या ध्यानी आला. गाडीत वापरल्या जाणाऱ्या क्रोमेल-ॲल्युमेलच्या जोडीत ती अंशागणिक सुमारे चाळीस मायक्रोव्होल्ट, म्हणजे नाममात्र असते. म्हणूनच तार आखूड पडली तर साध्या तांब्याच्या वायरचा तुकडा जोडू नये. त्या सांध्यांपाशी नवा हिशेब सुरू होऊन आकडा चुकतो. प्रोब टर्बोच्या अलीकडे, जेथे सर्व सिलिंडरांचा धूर एकत्र येतो, तेथे बसवावा. टर्बोच्या पलीकडे बसविला तर भरल्या चढावर आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा लागतो. अलीकडे बसविण्यासाठी बिडाच्या मॅनिफोल्डला भोक पाडून आटा कापावा लागतो, आणि खरा धोका येथेच आहे: ड्रिलचा एक कीस आत राहिला, तर तो मिनिटास लाखाहून अधिक फेऱ्या घेणाऱ्या टर्बोच्या पंख्यावर जाऊन आदळतो. मॅनिफोल्ड उतरवून बाकावर काम करणारा, ड्रिलच्या टोकास ग्रीस लावून कीस धरणारा आणि शेवटी चुंबक फिरवून भोक पाहणारा मिस्त्रीच यासाठी निवडावा. ज्या कोल्हापूर परिसरात शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत बिडाचे ओतकाम रोज चालते, तेथे बीड जाणणारा कारागीर मिळणे दुर्लभ नाही.

वायरिंग हा उपेक्षित, पण सर्वाधिक घोटाळ्याचा भाग. प्रत्येक काट्यास स्वतंत्र फ्यूज हवा. अर्थिंग केबिनच्या रंगविलेल्या पत्र्यास न देता मूळ अर्थिंगच्या बोल्टास द्यावे. एकतारी सेंडर आपले अर्थिंग इंजिनच्या ब्लॉकमधून, आट्यांतून घेतो. गळती नको म्हणून त्यावर नळाच्या कामासारखी टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली, की अर्थिंगच तुटते आणि नवाकोरा काटा पहिल्याच दिवशी भलते सांगू लागतो. २००५, २०१९ आणि २०२१ या सालांत शिरोळ तालुक्याने जे महापूर पाहिले, त्यांचा धडा येथेही लागू आहे: जोड उघडे पिळून टेप मारण्याऐवजी जलरोधक कनेक्टर वापरावेत, नाहीतर पाणी ओसरल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी हिरवा गंज तारेत शिरतो. काटे अशा जागी बसवावेत, की काचेच्या बाजूच्या खांबाआडचा पादचारी किंवा दुचाकी त्यांमुळे झाकली जाणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा रोख नोंदणी-पुस्तकातील तपशील बदलणाऱ्या फेरफारांवर आहे, आणि काट्याने तो तपशील बदलत नाही. तथापि वॉरंटी चालू असेल तर काम हाती घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी खुलासा घेणे इष्ट.

काय घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. पेट्रोल गाडीसाठी बनविलेला इनटेक व्हॅक्यूमचा काटा आणि हवा-इंधन प्रमाण दाखविणारे मीटर डिझेलमध्ये चालकाच्या काही कामाचे नाहीत. एकाच चौकटीत सात-आठ रंगीत आकडे नाचविणारी, सेंडरवर कोणाचेही नाव नसलेली स्वस्त उपकरणे टाळावीत, कारण चुकीचा काटा हा नसलेल्या काट्याहून वाईट: तो एकतर निरोगी इंजिन खोलायला लावतो, नाहीतर आजारी इंजिनास बिनदिक्कत घाटात पिटाळतो. नवा काटा बसविल्यावर तो एकदा पडताळून पाहावा. पाण्याचा सेन्सर उकळत्या पाण्यात धरला, तर समुद्रसपाटीहून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर असलेल्या जयसिंगपुरात तो अठ्ठ्याण्णवच्या जवळ आकडा दाखवील, आणि तेवढाच दाखविला पाहिजे. ऑइलच्या दाबासाठी मिस्त्रीपाशी असलेले यांत्रिक गेज तात्पुरते लावून दोन्ही आकडे ताडून पाहता येतात.

शेवटी, काटा विकत मिळतो, त्याचा अर्थ विकत मिळत नाही. पुस्तिकेतील आकडा कंपनीच्या सर्व गाड्यांसाठी असतो. आपल्या गाडीचा स्वभाव तिच्याच नोंदींवरून कळतो. काटे बसविल्यावर पहिल्या महिन्यात, गाडी निरोगी असतानाच, एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: तापलेल्या आयडलिंगवरचा ऑइलचा दाब, सपाट रस्त्यावर ताशी साठ किलोमीटरला पाण्याचे अंश, नेहमीच्या एका चढावर भरल्या गाडीचा बूस्ट, आणि त्याच चढावरचे धुराचे तापमान. प्रत्येक ऑइल बदलीच्या वेळी हेच चार आकडे पुन्हा नोंदवावेत, आणि चालक बदलला तर वही त्याच्या हवाली करावी. ज्यास एकच काटा परवडतो त्याने ऑइलच्या दाबाचा घ्यावा. जुनी, पंप वाढविलेली गाडी घाटात चालविणाऱ्याने त्याला धुराच्या तापमानाची जोड द्यावी. आणि वही न ठेवता केवळ गाडी सजविण्यासाठी काटे घेणाऱ्याने त्याच पैशांत वेळेवर ऑइल, कूलंट आणि दोन फिल्टर बदलावेत, त्याच्या इंजिनाचे कल्याण त्यातच अधिक आहे.